वावू आटोलच्या चॅनल डाइव्ह: शार्क, करंट आणि रीफ हुकची तयारी कशी करावी?

सागरगोटा
नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत मालदीवच्या वावू आटोलमध्ये ७ रात्रींची लाइव्हअबोर्ड (बोटीवरच राहून डाइव्ह करायची सफर) ठरते आहे. अ‍ॅडव्हान्स्ड सर्टिफिकेट आहे, लॉगबुकात ४२ डाइव्ह आहेत. बहुतेक हॅवलॉक आणि नेत्राणीच्या, म्हणजे शांत पाण्यातल्या. बोटवाल्यांनी पाठवलेल्या यादीत 'निगेटिव्ह एंट्री' आणि 'रीफ हुक' असे शब्द आहेत, आणि बहुतेक डाइव्ह २५ ते ३० मीटरच्या. प्रश्न असे:

करंट नेमका कसा असतो आणि शार्क त्यात कधी दिसतात? हुक कसा वापरतात? १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये हवा पुरेल का, नायट्रॉक्सचे (जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेचे) जादा पैसे मोजावेत का? आणि शार्क समोर आल्यावर आपण काय करायचं, काय टाळायचं? जमल्यास शेवटी फुवामुला बेटावर जाऊन टायगर शार्कही पाहायचे आहेत. तो बेत योग्य आहे का?

पाणकोळी
आधी पाण्याचा हिशोब समजून घ्या, कारण शार्क दिसणार की नाही ते त्यावरच ठरतं.

आटोल म्हणजे प्रवाळाची जागोजागी तुटलेली बांगडी. ती जिथं तुटते त्या खिंडीला दिवेही भाषेत कंदू म्हणतात. आतल्या लगूनचं पाणी आणि बाहेरचा समुद्र यांची सगळी ये-जा या कंदूंमधून चालते. इरुवई म्हणजे ईशान्य मोसमात, साधारण डिसेंबर ते एप्रिल, पाण्याचा एकूण ओघ पूर्वेकडून पश्चिमेकडे असतो. त्यामुळे वावूच्या पूर्वेकडच्या कंदूंमध्ये, म्हणजे फोत्तेयो, मियारू वगैरे, बाहेरचं स्वच्छ निळं पाणी आत शिरतं. 'मियारू' या शब्दाचा अर्थच शार्क. तुमचा फेब्रुवारी अगदी योग्य आहे.

कंदूच्या तोंडाशी तळ बहुधा २५ ते ३० मीटरवर असतो आणि तिथून बाहेरच्या बाजूला कडा सरळ खोल तुटतो. आत येणारं पाणी त्या कड्यावर आपटून वर उसळतं. सह्याद्रीच्या कड्यावर घार पंख न हलवता वाऱ्यावर तोलून राहते, तसे ग्रे रीफ शार्क या उसळीवर राहतात. या जातीला श्वासासाठी सतत पोहावं लागतं, त्यामुळे फुकटचा आधार मिळेल तिथं ते थांबतात. फ्रेंच पॉलिनेशियात फाकारावा इथं यावर मोजमाप झालं आहे: अशा उसळीवर त्यांची किमान १० ते १५ टक्के शक्ती वाचते. म्हणून पाणी आत येत असेल तर शार्क कंदूच्या ओठावर, म्हणजे कड्याच्या काठावर, रांगेनं दिसतात. बाहेर जात असेल तर लगूनचं गढूळ पाणी येतं, शार्क पांगतात आणि तुम्ही उघड्या समुद्राकडे ओढले जाता. त्यामुळे प्रत्येक डाइव्हआधी गाइड मास्क लावून उडी मारतो आणि करंट पाहून येतो. तो 'आज इथं नाही' म्हणाला तर विषय संपला, वाद घालू नका.

तारखा अजून पक्क्या नसतील तर पंचांग पाहा. अमावस्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण, अष्टमीनंतर भांग. कोकण किनाऱ्यावरचं हे गणित तिथंही लागू आहे. तिथं भरती-ओहोटीतला फरक जेमतेम मीटरभर असला तरी अख्ख्या आटोलचं पाणी त्या अरुंद खिंडींतून जातं. पहिली चॅनल ट्रिप भांगेच्या दिवसांत पडली तर उत्तम. उधाणात शार्क जास्त दिसतात हे खरं, पण ते पाहण्याइतकी फुरसत तुम्हाला मिळायला हवी.

निगेटिव्ह एंट्री: बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळणारं जाकीट) पूर्ण रिकामी करून उडी मारायची आणि वर न थांबता लगेच खाली जायचं. कारण साधं आहे. होडी तुम्हाला प्रवाहाच्या वरच्या अंगाला, बाहेर निळ्या पाण्यात सोडते. पृष्ठभागावर दोन मिनिटं रेंगाळलात तर कंदूचं तोंड मागे पडतं आणि गट खाली, तुम्ही वर. इथं हमखास होणाऱ्या चुका तीन. बीसीडीत थोडी हवा राहून जाते, म्हणून उडीआधी तोंडानं ओढून ती शेवटची हवाही काढा. कान मोकळे करायला उशीर होतो, म्हणून होडीवरच एकदा दाब द्या आणि पहिल्या ५ मीटरमध्ये दर मीटरला पुन्हा द्या. तिसरी चूक सगळ्यात वाईट: सिलिंडरचा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा. होडीवर गेजकडे बघत चार मोठे श्वास घ्या. काटा प्रत्येक श्वासाला खाली झुकून परत वर येत असेल तर व्हॉल्व्ह नीट उघडलेला नाही. ५ मीटरवर हे कळत नाही, २५ मीटरवर मात्र श्वास अडकतो.

आता हुक. एक ते दीड मीटर दोरी, एका टोकाला बोथट स्टीलचा आकडा, दुसऱ्या टोकाला झटक्यात सुटणारा स्नॅप. स्नॅप बीसीडीच्या पुढच्या खालच्या डी-रिंगला लावा, खांद्याच्या रिंगला नको. खांद्याला लावला की अंग एका बाजूला फिरतं. गाइड दाखवेल तिथं, मेलेल्या खडकात किंवा कपारीतच आकडा अडकवायचा. जिवंत प्रवाळात कधीही नाही. त्याची फांदी तुटते आणि हुकही सुटतो. कपारीत मोरे ईल नाही ना, तेही बघा. हुक बसला की दोरी ताणू द्या आणि बीसीडीत अगदी थोडी हवा भरा, म्हणजे तुम्ही तळापासून हातभर वर, पतंगासारखे स्थिर राहाल. तोंड प्रवाहाकडेच ठेवा. मान आडवी वळवली की जोराचं पाणी तोंडातल्या रेग्युलेटरचं बटण दाबतं आणि हवा भसाभस वाहायला लागते, मास्कही निघू शकतो. मागचा मित्र बघायचा असेल तर हनुवटी छातीला टेकवून काखेखालून बघा.

सोडताना क्रम चुकवू नका: आधी बीसीडी रिकामी, मग दोरी धरून हातानं खडकाकडे, मग आकडा सोडवून गुंडाळून खिशात. बीसीडीत हवा असताना आकडा सोडला की माणूस २८ मीटरवरून बुचासारखा वर जातो.

त्यानंतर प्रवाहाबरोबर कंदूच्या आत वाहत जायचं, कडेच्या रीफला धरून हळूहळू १५, मग १२ मीटर. फोत्तेयोत कपारींच्या छताला पिवळा मऊ प्रवाळ लोंबतो. तो बघताना फिन तळाला लागू देऊ नका.

खाली ओढणाऱ्या प्रवाहाची खूण म्हणजे तुमचे बुडबुडे वर जाण्याऐवजी आजूबाजूला घुटमळतात किंवा खाली जातात आणि कान आपोआप दाबले जातात. अशा वेळी सरळ वर पोहू नका, दमछाक होते आणि खोली तीच राहते. खडक हाताशी असेल तर धरा. नसेल तर कड्यापासून दूर, प्रवाहाला आडवे पोहा. बीसीडीत हवा भरावी लागली तर एक हात हवा सोडायच्या डंप व्हॉल्व्हवरच ठेवा, कारण प्रवाहातून सुटल्या क्षणी तीच हवा तुम्हाला वर फेकते.

शिंपला
हवेबद्दल मी लिहिते. 'पुरेल का' याचं उत्तर अंदाजानं देऊ नका, आकडे मांडा.

समजा पृष्ठभागावर तुमचा खप मिनिटाला २० लिटर आहे. २८ मीटरवर दाब ३.८ बार, म्हणजे तिथं ७६ लिटर. नेहमीचं अ‍ॅल्युमिनियम सिलिंडर ११.१ लिटरचं असतं, त्यात मिनिटाला जवळपास ७ बार जातात. करंटमध्ये पाय मारत राहिलात, जरा घाबरलात, की खप सहज ३० लिटर होतो. मग मिनिटाला १० बार. २०० बार घेऊन उतरलात आणि ओठावर पोचेपर्यंत १७० उरले, तर १०० बारवर यायला एका माणसाला १० मिनिटं मिळतात, दुसऱ्याला ७. हुकचा खरा उपयोग हा आहे. अडकून स्थिर राहिलं की खप २० च्या आसपास येतो.

१०० बारला गाइडला खूण करा, लाजू नका. ८० वर येण्याआधी हुक सोडलेला असावा आणि वर येताना ५० शिल्लक. खप जास्त आहे हे आधीच माहीत असेल तर बुकिंग करतानाच १५ लिटरचं सिलिंडर मागून ठेवा. बऱ्याच बोटींवर मोजकीच असतात.

नायट्रॉक्स घ्याच. ३० मीटरला साध्या हवेवर प्रशिक्षणातल्या तक्त्यानुसार २० मिनिटं मिळतात, ३२ टक्क्यांवर साधारण ३०. त्यात लाइव्हअबोर्डवर रोज ३ डाइव्ह, कधी ४, सलग आठवडाभर. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून साध्या हवेवाल्यांचे मनगटावरचे डाइव्ह कॉम्प्युटर त्यांना गटाच्या आधी वर काढायला लागतात आणि डेकोत (वर येताना सक्तीचे थांबे घ्यावे लागतील इतका वेळ खाली) जाणं मालदीवच्या नियमांत बसत नाही. करमणुकीच्या डाइव्हिंगला तिथं ३० मीटरची मर्यादा आहे, तीही कायद्यानं. ३२ टक्क्यांसाठी ऑक्सिजनच्या दाबाची १.४ बारची मर्यादा ३३.७५ मीटरला येते, म्हणजे नियम पाळलात तर ऑक्सिजनचीही चिंता नाही. पण कोर्स केल्याशिवाय घेऊ नका, आणि प्रत्येक सिलिंडर स्वतः तपासा: ऑक्सिजन मोजायचा मीटर आधी साध्या हवेवर २०.९ ला लावायचा, मग व्हॉल्व्ह अगदी किंचित उघडून आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं, टक्केवारी आणि खोली टेपवर लिहून सही करायची, कॉम्प्युटरमध्येही तोच आकडा भरायचा. कॉम्प्युटर 'एअर'वर राहून जाणं ही रोज कुणाची तरी होणारी चूक आहे.

वजन पहिल्या दिवशीच्या चेक डाइव्हला ठरवा. तेही शेवटी, सिलिंडरमध्ये ५० बार उरलेले असताना. अ‍ॅल्युमिनियमचं सिलिंडर रिकामं होत आलं की २ किलोच्या आसपास तरंगायला लागतं. सुरुवातीला बरोबर वाटलेलं वजन सेफ्टी स्टॉपला कमी पडतं आणि ५ मीटरवर तीन मिनिटं उलटं लटकून काढावी लागतात. पाणी २७ ते ३० अंश असतं, ३ मिलिमीटरचा सूट पुरे.

खडपी
शार्कबद्दल. वर करंट, हवा सगळं आलंच आहे, पण एक गोष्ट मी सगळ्यांच्या आधी ठेवीन: शार्कच्या दिशेनं पोहू नका. ४० डाइव्हच्या माणसाच्या हातून सर्वात जास्त होणारी चूक हीच. कॅमेरा पुढे धरून एक जण दहा फूट पुढे सरकतो आणि ओठावरची अख्खी रांग खोल निळ्यात निघून जाते. मागच्या आठ जणांची डाइव्ह संपते. खाली राहा, हलू नका, श्वास लांब आणि सावकाश सोडा. बुडबुड्यांचा आवाज शार्कला आवडत नाही. स्थिर गटाजवळून ते दोन-तीन फेऱ्यांनंतर आपणहून हातभर अंतरावरून जातात.

ग्रे रीफ शार्क ओळखायला सोपा: शेपटीची मागची कड काळी. व्हाइटटिपच्या पाठीच्या आणि शेपटीच्या टोकाला पांढरं, अंग सडपातळ, आणि तो वाळूवर निजलेला सापडतो. त्याला ग्रेसारखं सतत पोहावं लागत नाही, तोंडानं पाणी ओढून कल्ल्यांवरून सोडतो. जवळ पण शांत थांबलात तर त्या पाच चिरा एकामागून एक उघडमिट करताना दिसतात, आणि नशीब असेल तर निळ्या पट्ट्याचा बोटभर क्लीनर रॅस त्या चिरांमध्ये तोंड घालून साफसफाई करताना. असं चालू असेल तर टॉर्चचा उजेड पाडू नका, आणि त्याच्या व मोकळ्या पाण्याच्या मध्ये येऊ नका. निघायची वाट अडवली गेली की कुठलाही शार्क बिथरतो.

ग्रे रीफचा इशारा प्रत्येकानं पाठ करावा. पाठ कमानीसारखी, तोंड किंचित वर, छातीचे दोन्ही पर खाली झुकवलेले, आणि पोहणं झोकांड्या खाल्ल्यासारखं, अंग इंग्रजी एस अक्षरासारखं वळवत. हे कुतूहल नाही, 'मागे हो' आहे. फोटोसाठी तर अजिबात थांबू नका, फ्लॅशनं प्रकरण चिघळतं. नजर त्याच्यावर ठेवून, हात अंगालगत घेऊन, हळूहळू मागे आणि रीफच्या बाजूला सरका. पाठ फिरवून जोरात पाय मारू नका.

खरं सांगायचं तर या डाइव्हवर चावा बसलाच तर तो बहुधा टायटन ट्रिगरफिशचा असेल. दीड-दोन फुटांचा, पिवळट-हिरवा, ओठांवर मिशीसारखा काळा पट्टा. वाळूत खळगा करून अंडी घातली की तो राखण करतो, आणि त्याची हद्द उलट्या शंकूसारखी खळग्यापासून वरवर रुंद होत जाते. माणूस घाबरून वर पळतो आणि हद्दीच्या आणखी आत जातो. आडवं पोहत लांब जा, फिन त्याच्याकडे करून. चावला तर फिनला चावू दे.

अलिमथाची रात्रीची नर्स शार्क डाइव्ह यादीत असणारच. उथळ आहे, करंट नसतो, पण गर्दी प्रचंड: एका वेळी दोन-तीन बोटींचे गट, डझनांनी नर्स शार्क, मोठे पाकट, जॅक मासे. वाळूतच टेका, प्रवाळावर नाही. टेकण्याआधी खाली टॉर्च मारून पाकट पुरलेला नाही ना ते बघा. हात छातीशी घडी. नर्स शार्क अंगावरून घासत जातो तेव्हा शेपटी धरायचा मोह होतो. त्याचा जबडा चोखून पकडतो आणि मग सहज सोडत नाही. इथले मासे वर्षानुवर्षांच्या खाऊ घालण्यानं जमलेले आहेत, आणि ते खाऊ घालणं मला पटत नाही. पण जाणार असाल तर निदान हात लावू नका.

सागरगोटा
फार उपयोगी, तिघांचेही मनापासून आभार. दोन शंका राहिल्या. गटापासून सुटलो तर काय, आणि एसएमबी (होडीला दिसावा म्हणून वर सोडायचा लांबट फुगा) माझा स्वतःचा आणू की बोटीवरचा चालेल?

पाणकोळी
स्वतःचाच आणा, आणि निघण्याआधी तलावात पाच-सहा वेळा सोडून बघा. लांबी १.८ मीटर, नारिंगी किंवा पिवळा, ३० मीटर दोरीचा फिंगर स्पूल. छोटा १ मीटरचा लाटांमध्ये होडीवरून दिसत नाही.

सोडताना वर बघा, होडी नाही ना. दोरी गेज आणि ऑक्टोपसपासून (जादा रेग्युलेटरपासून) लांब धरा, थोडीच हवा भरा, वर जाताना ती फुगतेच. स्पूल मोकळा फिरू द्या. दोरी अडकली तर हातातून सोडून द्या. स्पूल गेला तर पैसे गेले, धरून ठेवलात तर तुम्ही वर गेलात.

गट सुटला तर एक मिनिट शोधायचं, तेही वाहत वाहत, जागेवर टिकून राहायच्या प्रयत्नात हवा घालवायची नाही. मग सावकाश वर. एरवी एसएमबी ५ मीटरला सोडतात. करंट असेल तर १२ मीटरच्या आसपासच सोडा, म्हणजे तुम्ही स्टॉप करत असतानाच होडीवाल्याला तुमची दिशा कळते. शिट्टी, छोटा आरसा आणि दिवसाही एक टॉर्च खिशात ठेवा.

शिंपला
फुवामुलाबद्दल माझं मत: या फेरीत नको.

बेट विषुववृत्ताच्या जरा दक्षिणेला, एकटंच, लगून नाही, आणि टायगर शार्क बारमाही असतात. बंदराजवळ मासळीचा टाकाऊ भाग समुद्रात जात आला, त्यावर ते येत राहिले. आता डाइव्हला ट्यूनाची डोकी दगडाखाली दाबून ठेवतात आणि गट जरा अंतरावर एका ओळीत तळाशी बसतो. खोली फार नाही, करंट बेताचा, म्हणून 'सोपी' वाटते. पण इथं समोर तीन-चार मीटरचा, वास लागलेला प्राणी असतो. ग्रे रीफसारखा लाजून निघून जाणारा नाही. तो वळसा घालून मागून येतो. म्हणून ओळ मोडायची नाही, तरंगत वर जायचं नाही, मागच्या सेफ्टी डायव्हरवर सगळं सोडून न देता स्वतः मान फिरवत राहायचं, आणि आला की डोळ्यांत बघत त्याच्याकडे तोंड करायचं. हातमोजे-फिन काळे, चकाकणारं काही नाही. तरंगण्यावरचा ताबा सुटणाऱ्या माणसामुळे ओळ मोडते आणि धोका शेजारच्याला होतो. वावूच्या आठवड्यात हुक सोडताना तुम्ही किती स्थिर राहता, ते आधी बघा.

जायचंच ठरलं तर उलट क्रमानं, म्हणजे फुवामुला आधी आणि वावू नंतर, जाऊ नका, आणि मध्ये विमानासाठीची विश्रांती धरा. फुवामुलाला विमानानं जावं लागतं. सलग दिवसांच्या डाइव्हनंतर किमान १८ तास विमान नाही, लाइव्हअबोर्डनंतर मी २४ धरीन. हे सीप्लेनलाही लागू. मुंबईचं विमान शनिवारी दुपारी ४ चं असेल तर शुक्रवारी दुपारी ४ च्या आधी शेवटची डाइव्ह आटोपलेली हवी. बहुतेक बोटी शेवटची डाइव्ह आदल्या दिवशी सकाळी ठेवतात ती याचसाठी.

डाइव्हिंगचा विमा मात्र निघण्याआधी घ्या, साधा प्रवासविमा डीकम्प्रेशनच्या आजाराचा खर्च बहुधा धरत नाही. त्यावरच्या उपचाराचा दाबकक्ष मालेजवळ बांदोस बेटावर आहे. रात्री वावूतून तिथवर स्पीडबोट ठरवायची वेळ आली तर पॉलिसी नंबर फोनमध्ये नाही, कागदावर आणि बोटीच्या मॅनेजरकडे असावा.

खडपी
एक राहिलं. मालेच्या दुकानांत किंवा बेटांवर कुणी शार्कचे दात, जबडा, शंख-प्रवाळ देऊ केले तर घेऊ नका. २०१० मध्ये मालदीवनं शार्कची मासेमारी बंद केली. तुम्हाला ओठावर रांग दिसणार आहे ती त्यामुळे टिकली.